सर त्या रविवारी कुठे होते

सेमिनारवाल्याने मला फसवलं आणि मी सरांना. दोन्ही एकाच व्यवहारात झालं. हे आधीच सांगून टाकते, कारण केबिन रोडवर अजूनही लोक म्हणतात की सरांनी खोटं सर्टिफिकेट लावलं म्हणून त्यांचं लायसन्स गेलं. ज्या माणसाने खरी मिळालेली सर्टिफिकेटं पोस्टाने परत पाठवली, तो खोटं कुठून लावेल?

केबिन रोडला माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. ते मला कोणी दिलेलं नाही. परळ सोडून भाईंदरला आलो तेव्हा मी डोक्यावर पाटी घेऊन बिल्डिंगींचे जिने चढले आहे, जुन्या कपड्यांवर भांडी दिली आहेत. दोन साड्या आणि एक पँट पुढे आली की पँटची चेन ओढून बघायची, साडीचा काठ बघायचा, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "एवढ्यात चहाची गाळणी येते, ताई. पातेलं हवं तर आतून अजून एक साडी आणा." ताई आत जायच्या आणि साडी घेऊन यायच्या. पुढे पाटीचं दुकान झालं. पण प्रत्येक घरात काहीतरी जास्तीचं पडलेलं असतं आणि नेटाने मागितलं की ते बाहेर येतं, ही माझी खात्री तशीच राहिली. सरांचं वाटोळं ह्या खात्रीने केलं.

एका सकाळी दुकानाचं शटर माझ्या उजव्या हातावर पडलं. ऑपरेशन झालं, बोटांत तारा घातल्या, काढल्या. हात वाचला, पण चार बोटं अर्धवट मिटलेली राहिली आणि अंगठा बाजूला काठीसारखा उभा. आमच्याच रस्त्यावर एका मेडिकलच्या वर एका ट्रस्टचं सेंटर होतं. डॉक्टरांनी तिकडे पाठवलं. पाटीवर 'ऑक्युपेशनल थेरपी' असं लिहिलेलं. खाली रस्त्यावर मात्र सगळे तिथल्या सरांना हाताचे डॉक्टर म्हणत, आणि सर प्रत्येकाला थांबवून सांगत, "डॉक्टर नाही हो. डॉक्टर हात वाचवतात. वाचलेल्या हाताला मी कामाला लावतो."

पहिल्या दिवशी मी हात पुढे केला आणि कळ कुठून कुठे जाते ते सांगायला लागले. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

"दुखणारच. काय येत नाही ते सांगा."

"म्हणजे काय?"

"सकाळपासून काय काय करायला गेलात आणि जमलं नाही?"

तोपर्यंत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "वेणी. पोळी लाटणं. कपाटाची किल्ली. सुतळीची गाठ."

"सगळ्यात जास्त राग कशाचा आला?"

"सुतळीचा. गिऱ्हाईक समोर उभं, आणि पार्सल बांधायला बाजूच्या चप्पलवाल्याला हाक मारावी लागली."

"मग सुतळीपासून सुरू करू," ते म्हणाले आणि पिशवीतून खरंच सुतळीचा गुंडा काढला.

त्या पिशवीत कुलपं असायची, कपड्यांचे चिमटे, बंद पडलेला टॉर्च, फणी, बटणांची पट्टी शिवलेलं एक फडकं आणि एक लांब वही. सर साठीच्या पुढचे, उंच, आणि त्यांच्या शर्टाचं एखादं बटण नेहमी चुकलेलं. त्याचं कारण असं की एक आठवडा त्यांचा उजवा हात सुट्टीवर असायचा. खरोखर सुट्टीवर. खिशात घालून ठेवायचे. चपला, चहा, सही, दाराची कडी, सगळं डाव्याने. पुढच्या आठवड्यात डाव्याची सुट्टी. नाक्यावर वडापाव खाताना चटणी शर्टावर सांडायची आणि रिक्षावाले हसायचे. सरही हसायचे. "पेशंटला सांगतो ते आधी मला यायला नको का?"

वहीत रोज संध्याकाळी तारीख घालून ते एकच गोष्ट लिहायचे, आज काय शिकलो. दुसऱ्यांनाही विचारायचे. काउंटरवर रेश्मा बसायची, सेंटरचे फोन आणि कागद सांभाळायची. निघताना तिला रोज प्रश्न, "रेश्मा, आज काय शिकलीस?"

"हेच शिकले सर, की सहाला बंद होणारं सेंटर साडेसातला बंद होतं."

सर मान डोलवायचे. "हे काल शिकली होतीस. आजचं सांग."

माझ्याकडून काम करून घेणं सोपं नव्हतं. मी भांडायचे. आधीच्या दवाखान्यात एका मुलीने माझी बोटं वाकवली तेव्हा मी तिच्या हातातली पट्टी खिडकीबाहेर फेकली होती. सरांनी माझ्याच दुकानातून पिळाच्या झाकणाचे डबे मागवून घेतले आणि टेबलावर मांडले.

"वीस झाकणं उघडायची."

"वीस? हात आहे का पाना? पाच."

"पाचात काय होतंय? अठरा."

"सहा. वर एक नाही."

"बाई, मलाही घरी तोंड दाखवायचंय. बारा."

"दहा. द्यायचं तर द्या, नाहीतर चालले."

सर कपाळाला हात लावायचे, छताकडे बघायचे, नुकसान झाल्यासारखा चेहरा करायचे आणि म्हणायचे, "बरं, दहा. पण कोणाला सांगू नका." मी घाम गाळत दहा झाकणं उघडायचे आणि जिना उतरताना खूश असायचे, आज म्हाताऱ्याला अर्ध्यावर आणला. असे कितीतरी महिने गेले.

आता सर्टिफिकेटांचं सांगते. त्यांच्या कामात लायसन्स एकदा मिळालं की जन्माचं झालं, असं नसतं. दर पाच वर्षांनी ते नवं करून घ्यावं लागतं, आणि मधल्या काळात नवीन काही शिकल्याचे पॉइंट दाखवावे लागतात. सेमिनारला गेलं, सही केली, बसलं की सर्टिफिकेट मिळतं आणि त्यावर पॉइंट लिहिलेले असतात. बाकीचे लोक ह्या नियमाला शिव्या घालत. सर कधीच नाही. "नियम चांगला आहे. माझ्या तरुणपणी जे शिकवलं त्यातलं निम्मं आता चूक ठरलंय. जुन्या पद्धतीने मी कोणाचा हात बांधून ठेवला तर तो जन्मभर तसाच राहील." म्हणून ते सेमिनारला जायचे, पहिल्या रांगेत बसायचे, लिहून घ्यायचे. आणि नवीन काही कळलं नाही तर मिळालेलं सर्टिफिकेट दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने परत. सोबत चिठ्ठी. एक मी स्वतः वाचली आहे. 'व्याख्यान पूर्ण ऐकले. वक्ते सज्जन आहेत. नवीन काही शिकायला मिळाले नाही, त्यामुळे पॉइंट ठेवून घेणे योग्य वाटत नाही.'

रेश्मा रडकुंडीला यायची. "सर, तिथे जेवलात ना?"

"जेवलो. श्रीखंड चांगलं होतं. श्रीखंडाचं सर्टिफिकेट दिलं असतं तर ठेवलं असतं."

एकदा मात्र लकव्याच्या हाताबद्दल काही नवीन ऐकून आले, तर आठवडाभर जमिनीवर पाय नव्हता. मला लकवा झालेला नाही हे ठाऊक असूनही मला अर्धा तास समजावून सांगितलं. ते सर्टिफिकेट त्यांनी जपून ठेवलं.

मग तो रविवार. सर सकाळी साडेनऊला माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. "टेबलावर हात चालतो. दुकानात कसा चालतो ते बघायचंय." दिवसभर ते गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले. गिऱ्हाइकांना वाटलं आमच्याकडचे कोणी काका आले आहेत. दुपारी एक बाई लग्नाच्या रुखवताचा सेट घ्यायला आली. तासभर झटापट झाली. ती दोनदा उठून गेली, दोनदा परत आली. शेवटी सौदा पटला, माझ्या भावात. त्या तोऱ्यात मी खोका ओढला, सुतळी घेतली, दोन वेढे दिले, गाठ मारली आणि दाताने टोक तोडलं.

"बाई," सर म्हणाले.

"थांबा हो, गिऱ्हाईक आहे."

"बाई, गाठ कोणी मारली?"

मी खाली बघितलं. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकली होती, मध्ये सुतळी. ऑपरेशन झाल्यापासून ती दोन बोटं भेटली नव्हती. रुखवतवाल्या बाईला काही कळेना. मी रडत होते आणि माझे सर टाळ्या वाजवत होते, डाव्या हाताने स्टुलावर, कारण तो उजव्याच्या सुट्टीचा आठवडा होता.

ह्यानंतर वर्षभराने सरांचं लायसन्स नवं करायची वेळ आली. रेश्मा दुकानात येऊन बसली. "मावशी, सहा पॉइंट कमी पडतायत. एवढी परत पाठवली, मग कमी नाही पडणार तर काय! लायसन्स नसलं तर ट्रस्टवाले सरांना एक दिवस ठेवणार नाहीत."

त्याच आठवड्यात सेमिनारवाला माझ्या दुकानात आला. ओळख नव्हती, डबे घ्यायला आला होता. "दीदी, डेलिगेट लोगों को गिफ्ट देना है. दो खाने वाला डब्बा दिखाओ."

"कसले डेलिगेट?"

"थेरपीवाले. पॉइंट का प्रोग्राम है, वरसावे के पास होटल में."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ह्याच्याकडे पॉइंट आहेत, माझ्याकडे डबे आहेत. जुन्या साडीवर पातेलं देणाऱ्या बाईला ह्यात पाप दिसलं नाही. कसं दिसणार? मला वाटलं, सरांना येतं ते अख्ख्या हॉटेलातल्या लोकांना येत नसेल. शिकलेला माणूस आहे, फक्त कागद कमी आहे. मी म्हटलं, डबे घेऊन जा, बदल्यात एका नावाचं सर्टिफिकेट दे. तो म्हणाला, मागच्या वर्षी एक कार्यक्रम झाला, त्याच्या यादीत नाव घालून देतो, चार पॉइंट. मी म्हटलं सहा. तो म्हणाला, "छह नहीं होगा, दीदी." मी डबे उचलून आत ठेवायला लागले. तो पायरी उतरला, दोन दुकानं पुढे गेला आणि परत आला. "आप बहुत कड़क हो. नाम लिख के दो."

मी नाव लिहून दिलं. सरांनी बऱ्या केलेल्या हाताने, सुरेख अक्षरात.

सर्टिफिकेट आलं तेव्हा मी स्पेलिंग बघितलं आणि सहाचा आकडा बघितला. तारीख बघितली नाही. माल उतरवताना चलनावरची तारीख आधी बघणारी बाई मी. रेश्माला सांगितलं, "सर एका कार्यक्रमाला गेले होते, हे माझ्याकडे राहिलं होतं, परत पाठवायच्या आत लाव फाइलीत." तिने आनंदाने लावलं. सरांनी शेवटच्या पानावर सही केली. "सगळं बरोबर ना गं?" "हो सर."

दोन महिन्यांनी सर दुकानात आले, हातात एक पत्र आणि काखेत वही. चेहरा उजळलेला. "बाई, गंमत बघा. मी न गेलेल्या सेमिनारचं सर्टिफिकेट माझ्या फाइलीत निघालंय. तिथल्या हजेरीच्या कागदावर माझी सही नाही म्हणून लायसन्सच्या ऑफिसने खुलासा मागितलाय. आणि तारीख कुठली, तर तुमच्या गाठीचा रविवार! वहीत लिहिलंय सगळं. त्या दिवशी मी इथे होतो. तुम्ही याल ना सांगायला?"

माझ्या हातात कढईचं झाकण होतं. ते मी खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. डबे, सहा पॉइंट, रेश्माला मारलेली थाप, सगळं.

सर स्टुलावर बसले. वही मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तो किती म्हणत होता?"

"चार."

"आणि तुम्ही सहा घेतलेत."

"सर, तुम्हाला सहाच कमी होते."

"ठाऊक होतं मला. मुदत मागायचा अर्ज लिहून ठेवला होता मी, तो नंतर जोडणार होतो. कमी पडले तर मुदत मागता येते. सहा महिन्यांत काहीतरी शिकलोच असतो ना."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते, आणि भांडण मला जमतं.

चौकशीला ते एकटे गेले. मला येऊ दिलं नाही. माझं नाव घेतलं नाही, रेश्माचं घेतलं नाही. सांगितलं एवढंच की सर्टिफिकेट खोटं आहे, त्या दिवशी मी दुसरीकडे होतो आणि अर्जावरची सही माझी आहे, वाचून करायला हवी होती. पॉइंट कमी असते तर मुदत मिळाली असती. खोट्या कागदाला मुदत नसते. लायसन्स नवं झालं नाही. निकाल लागेपर्यंत काम बंद, आणि निकाल अजून लागलेला नाही. मी त्याच ऑफिसला सविस्तर पत्र लिहिलं, माझा गुन्हा माझ्या नावासकट. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही. ट्रस्टने सरांचं टेबल दुसऱ्याला दिलं. टेबलावरचे माझे डबे रेश्माने आणून दिले. त्यांची झाकणं अजून बसवलेली आहेत.

सेमिनारवाल्याला मी शोधलं. वरसाव्याच्या त्या हॉटेलात त्याचा पुढचा कार्यक्रम होता. दारातच टेबल, टेबलावर कागद, लोक येत होते, सही करत होते आणि निम्मे मागच्या मागे पार्किंगकडे जात होते. बाजूला रांगेने माझेच डबे. मी सरळ विचारलं, हजेरीवर सही नसताना तू सर्टिफिकेट का दिलंस?

"दीदी, माँगा किसने? मैं आपके घर आया था क्या?"

"छापलंस तू."

"और सौदा आपने किया. छह बोला, छह दिया."

मी ती डब्यांची रांग हाताने लोटून दिली. डबे संगमरवरावर गडगडत लिफ्टपर्यंत गेले. सही करणारे क्षणभर थांबले, मग पुन्हा करायला लागले. त्याने माणसाला डबे उचलायला सांगितलं. त्याचं काही बिघडलं नाही. काहीच नाही.

माझा हात ह्या वर्षी पुन्हा आखडायला लागला आहे. सेंटरमध्ये नवीन मुलगी आहे, चांगली आहे, कागद सगळे जागेवर. पण मी विसाचे दहा केले की ती हिरमुसून पाच म्हणते. म्हणून मी जेसल पार्कला सरांच्या घरी गेले. दार त्यांनी उजव्याने उघडलं. मी विचारलं, "डाव्याची सुट्टी का?"

"आता दोघांनाही सुट्टी," ते म्हणाले. शर्टाची सगळी बटणं बरोबर लागली होती. ते मला बघवलं नाही.

मी हात पुढे केला. अंगठा बघितला त्यांनी, करंगळी बघितली. किती अंतर पडलंय ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यांचा हात अर्ध्यापर्यंत आला आणि मागे गेला. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घातले आणि त्यावर बसून राहिले, शाळेत शिक्षा केलेल्या मुलासारखे.

"सर, नुसतं दाबून बघा. कोण बघतंय इथे?"

"नाही बाई. मला परवानगी नाही."

"मी कोणाला सांगणार नाही."

"मागच्या वेळीही सांगितलं नव्हतंत," ते म्हणाले.

मी हात मागे घेतला. मग उठून त्यांनी वही आणली आणि त्या रविवारचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. त्यांचं डाव्या हाताचं वेडंवाकडं अक्षर. 'आज शिकलो: बोट कामात असताना त्याच्याकडे बघू नये. गिऱ्हाईक समोर असलं की हात स्वतःला विसरतो. बाईंना नेहमी दुप्पट सांगावं. अर्ध्यावर आणल्याचा आनंद हेच त्यांचं औषध.' म्हणजे दहाच हवे होते त्यांना. पहिल्या दिवसापासून. सेमिनारवाल्याच्या आधी सौद्यात मला एकाच माणसाने फसवलं होतं, आणि त्यात माझा हात बरा झाला.

पुढच्या पानांवर तारखा होत्या. चौकशीच्या दिवसानंतर तारखांपुढे काही लिहिलेलं नव्हतं.

सरांसाठी आता काही मागायचं तर बदल्यात देण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलं नाही. त्यांनी माफ केलं का, हेही मी विचारलेलं नाही. पण सेमिनारवाल्या, तुझ्याशी माझा सौदा अजून मिटलेला नाही. मी मागितलं, मी बदल्यात डबे दिले, माझा वाटा मी माझ्या नावाने लिहून दिला आहे. तुझा वाटा तू लिहून दे. त्या रविवारी सकाळी दहा ते पाच सर तुझ्या हॉटेलात बसले होते, असं सर्टिफिकेटाखाली सही करून तू म्हटलं आहेस. मग सांग, त्या दुपारी केबिन रोडला माझ्या दुकानात, स्टुलावर बसून, माझी करंगळी अंगठ्याला कोणी भेटवली? मला नको सांगूस. जिथे सरांची फाइल पडून आहे तिथे जा, आणि तिथे उत्तर दे.